काका, स्टँड!

मंगळवारी सकाळी म्हात्रे पुलावर एक मोटरसायकलवाला माझ्या मागे लागला. आधी हॉर्न, मग पुन्हा हॉर्न, मग दिव्याची उघडझाप. मी आरशात पाहिलं नाही. मागून कुणी एवढा हॉर्न मारत असेल तर आपलं काहीतरी चुकलेलं असतं, आणि चुकलेलं असताना मागे न बघणं हा साठीकडे झुकलेल्या स्कूटरवाल्याचा एकमेव बचाव असतो. मी डावीकडे सरकलो, तोही सरकला. मी वेग वाढवला, म्हणजे अठ्ठावीसवरून बत्तीसवर नेला. शेवटी पूल संपता संपता तो शेजारी आला. तोंडाला रुमाल, वर हेल्मेट, मधे नुसते दोन डोळे. ओरडला, "काका, स्टँड!"

मी टाचेने स्टँड वर केला. आभाराचा हात उचलला तोवर तो शेजारी नव्हता. पुलाच्या टोकाला गाडी वळवून परत जाताना दिसला. म्हणजे त्याला पूल ओलांडायचाच नव्हता. अलीकडेच डीपी रस्त्याला वळायचं होतं. माझ्या स्टँडपायी तो नदी ओलांडून आला आणि काम झाल्यावर नदी ओलांडून परत गेला. मुठेसारखी का असेना, नदी ती नदीच.

हाच मुलगा अर्ध्या तासाने सिग्नलला भेटला असता तर त्याने पुढचं चाक माझ्या पायावर घातलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मीही त्याचा उद्धार केला असता, मनातल्या मनात. पण स्टँड खाली दिसला की आपल्याकडे माणसाचं काहीतरी होतं. पत्ता विचारला तर तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस (पुण्याच्या या गुणावर पुरेसे विनोद झाले आहेत, मी भर घालत नाही) स्टँडसाठी मात्र दोन सिग्नल पाठलाग करतो. रिक्षावाला मान बाहेर काढून सांगतो, फुटपाथवरच्या आजी काठी उगारून सांगतात, पीएमटीचा ड्रायव्हर एवढ्या उंचावरून सांगतो. आता तिला पीएमपी म्हणतात, पण स्टँडचा ड्रायव्हर माझ्या डोक्यात पीएमटीचाच आहे. स्टँडच्या घराण्यातल्या आणखीही हाका आहेत. ओढणी चाकात जातेय. डिकी उघडी आहे. सॅकची चेन उघडी आहे. किल्ली गाडीलाच आहे. आणि दिवसाढवळ्या दिवा चालू आहे, ही तर हाकही नव्हे, नुसती खूण: हात वर करून बोटं मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची. चोच उघडणाऱ्या पाखरासारखी.

या खुणेची तर वेगळीच गंमत झाली. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागायला लागला. तसा नियमच आला, बंद करायचं बटणच गेलं. पण खूण कुठली जाते! आमच्या शेजाऱ्यांनी त्याच वर्षी हौसेनं नवी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ते रडकुंडीला आले. घरापासून ऑफिसपर्यंत समोरून येणारा प्रत्येक जण चोच उघडून दाखवायचा. सुरुवातीला ते सिग्नलला थांबून समजावून सांगायचे, "अहो, ते आपोआपच लागतं." मग नुसती मान हलवायला लागले. शेवटी शेवटी तर खूण दिसली की बंद करायचं नाटक करायचे, नसलेल्या बटणावर अंगठा ठेवून. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "तो बिचारा एवढा हात वर करतो. त्याला बरं वाटायला नको का?"

मदत करणाऱ्याला बरं वाटावं म्हणून मदत घेणाऱ्याने केलेली ही मदत. इथे माझी मती गुंग झाली आणि माणूस माणसाला मदत का करतो यावर काय काय लिहिलं गेलंय ते मी वाचायला काढलं. निवृत्तीनंतर माणसाने गीता वाचावी असं घरच्यांचं मत होतं.

या विषयावरचं कुठलंही पुस्तक उघडलं की पहिल्या काही पानांतच एक खून असतो. न्यूयॉर्कमध्ये १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जिनोव्हीज नावाच्या तरुणीला तिच्या घराजवळ भोसकून मारलं गेलं. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली की ३८ माणसं खिडक्यांतून बघत होती आणि तेवढ्या वेळात एकानेही पोलिसांना फोन केला नाही. अमेरिका हादरली. शहरातला माणूस दगड झालाय वगैरे लेख आले. पुढे लोकांनी खोदून पाहिलं तेव्हा निघालं वेगळंच. बहुतेकांना धड काही दिसलंच नव्हतं, काहींना नवरा-बायकोचं भांडण वाटलं होतं, आणि शेजारची एक बाई तर जिवाची पर्वा न करता खाली धावत आली होती आणि रुग्णवाहिका येईपर्यंत किटीला कुशीत घेऊन बसली होती. तिचा बातमीत पत्ता नव्हता. आपल्या त्या बातमीत दोष होते हे वर्तमानपत्राने मान्य केलं २०१६ साली. बावन्न वर्षांनी. एकंदरीत, धावून आलेली बाई बातमीत बसत नाही.

पण त्या अर्धवट बातमीतून एक पुरं शास्त्र जन्माला आलं. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन तरुण प्राध्यापकांना वाटलं, एवढे लोक असूनही कुणी आलं नाही असं आपण म्हणतो. एवढे लोक होते म्हणूनच कुणी आलं नाही, असं तर नसेल? त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून गप्पा मारायला लावल्या. मधेच एकाला आकडी आल्याचा आवाज यायचा. तो आवाज टेपचा होता, पण ऐकणाऱ्याला ठाऊक नव्हतं. ज्यांना वाटत होतं की हे ऐकणारे आपण एकटेच, त्यांच्यातले शंभरात ८५ जण तो प्रसंग चालू असतानाच मदतीला उठले. ज्यांना वाटत होतं की आपल्यासारखे आणखी चौघं ऐकताहेत, त्यांच्यातले फक्त ३१. आणि जे उठले नाहीत ते दगड नव्हते बरं का. संशोधक खोलीत आले तेव्हा त्यांच्या हातांना घाम होता आणि पहिला प्रश्न होता, तो बरा आहे ना?

दुसऱ्या एका प्रयोगात तर माणसं खोलीत फॉर्म भरत बसली असताना भिंतीतून धूर सोडला. एकटा माणूस बहुधा उठून सांगायला जायचा. पण शेजारी दोन निर्विकार चेहरे बसवले (ते आतले सामील), की दहातला एक उठायचा. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हाताने धूर बाजूला सारून फॉर्म भरत होते.

हे वाचून मी हसलो, आणि मग मला आमच्या सोसायटीची टाकी आठवली.

आमच्या सोसायटीत ३२ बिऱ्हाडं आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पाण्याचा पंप जिन्याखाली, त्याचं बटण कुणालाही बंद करता येतं. एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरून निरोप आला: "टाकी भरून वाहतेय वाटतं." लगेच खाली तीन अंगठे. मग एकांनी लिहिलं, "हो, आमच्या गॅलरीत धबधबा." मग कुणीतरी धबधब्याचा व्हिडिओ टाकला. मग पाणीबचतीवर एक सुविचार आला. मग कुणीतरी विचारलं, "वॉचमन कुठे आहे?" त्यावर वॉचमन दुपारी जेवायला जातो की झोपायला, ही जुनी चर्चा नव्याने निघाली. मी हे सगळं वाचत होतो. माझं घर पहिल्या मजल्यावर, बटण बारा पायऱ्यांवर. मला मनापासून वाटत होतं की एवढ्या लोकांनी वाचलंय म्हणजे कुणीतरी गेलंच असणार. पाऊण तासाने कामवाल्या मावशी जिना चढताना पंप बंद करून आल्या. त्यांना ग्रुपवर घेतलेलं नव्हतं.

लाताने आणि डार्लींनी पुढे हिशेब मांडला की मदतीपर्यंत पोहोचायला माणसाला पाच पायऱ्या चढाव्या लागतात. आधी दिसलं पाहिजे. मग हे काहीतरी गंभीर आहे, हे उमगलं पाहिजे. मग हे आपलं काम आहे असं वाटलं पाहिजे. मग काय करायचं ते ठाऊक पाहिजे. आणि मग ते केलं पाहिजे. यातली एक पायरी निसटली की माणूस बघ्या. टाकीच्या वेळी आम्ही दोन पायऱ्या सुसाट चढलो आणि तिसऱ्या पायरीवर बत्तीस बिऱ्हाडं एकमेकांना "आधी आपण" म्हणत उभी राहिली.

आता स्टँड घ्या. तो दिसतो. तो धोक्याचाच आहे, वळणावर टेकला की माणूस आडवा, यात दुमत नाही. काय करायचं? ओरडायचं. किती वेळ लागतो? दोन शब्द. आणि मुख्य म्हणजे, या क्षणी त्याच्या मागे मीच आहे. पाचही पायऱ्या एका उडीत. म्हात्रे पुलावरच्या त्या मुलाचं मन माझ्यापेक्षा मोठं होतं असं मला आधी वाटलं होतं. असेलही. पण मुळात त्याला आयती हाक आली होती. माझ्या स्टँडने दिलेली.

हाक म्हणजे काय चीज असते ते मला मंडईत कळलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारची संध्याकाळ, मंडईत पाय ठेवायला जागा नाही. लिंबू-कोथिंबिरीच्या पाट्यांशेजारी एक गृहस्थ उभ्या उभ्या खाली बसले आणि बसल्या बसल्या कलंडले. पंचावन्न-साठीचे, धुतलेला शर्ट, हातात दुधी. क्षणात भोवती रिंगण झालं. पंधरावीस माणसं असतील. मी पुढच्या रांगेत. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकमेकांकडे. कुणीतरी हळूच म्हणालं, "घेतलेली दिसतेय." झालं. रिंगण वीतभर मागे सरकलं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९६९ च्या सुमाराला असाच प्रयोग झाला होता: हातात काठी असलेला माणूस पडला की ६५ पैकी ६२ वेळा लोक आपणहून धावले, दारूचा वास येणारा पडला की ३८ पैकी १९ वेळा. निम्म्या वेळा धावले हेच मला जास्त वाटतं. आपल्याकडे पडलेल्या माणसाबद्दलचा पहिला प्रश्न "लागलं का?" नसतो, "प्यायलाय का?" असतो.

कोथिंबीरवाली पाटी ओलांडून आली. वाकली, त्यांच्या तोंडाशी नाक नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वास नाय."

मग तिने वर पाहिलं. रिंगणाकडे नाही. माझ्याकडे.

"ओ निळा शर्ट! हां, तुमीच. पिशवी ठेवा हितं. त्यांचं डोस्कं धरा, मांडीव घ्या." मी बसलोसुद्धा. "आन् तू रं बारक्या, त्यो मोबाइल घाल खिशात. रसवाल्याकडनं पानी आन. पळ. ताई, तुमी पदरानं वारा घाला. बाकीचे व्हा मागं, हवा यिऊ द्या." ज्याच्याकडे तिने बोट दाखवलं तो हलला. ज्याच्याकडे नाही दाखवलं तो तिथेच उभा राहिला, अगदी वाट बघत असल्यासारखा, आपला नंबर यायची. पाण्याच्या हबक्याने गृहस्थांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "साखर." मधुमेही होते, दुपारचं जेवण चुकलं होतं. तिने पाटीखालच्या डब्यातून गुळाचा खडा काढून दिला. पाच मिनिटांत ते उठून बसले, दुधी कुठे गेला म्हणून विचारायला लागले.

निघताना त्यांनी हात जोडले ते मला. डोळे उघडल्यावर पहिला चेहरा माझा दिसला असणार. मी ते आभार बिनदिक्कत घेतले. नंतर पिशवी उचलताना मी कोथिंबीरवालीला म्हणालो, "द्या एक जुडी, दहाला." आता आपलं काही नातं झालंय असा माझा समज. ती म्हणाली, "वीस. परवडत असंल तर घ्या."

तेव्हापासून माझं असं मत झालंय की गर्दीत माणुसकी नसते हे खोटं. गर्दीत माणुसकी बिनपत्त्याची असते. शाळेत गुरुजी "कोण फळा पुसेल?" म्हणाले तर वर्ग छताकडे बघायचा आणि "जोशी, फळा" म्हणाले की जोशी उठायचा. परदेशातल्या तीन शहरांत, ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनमध्ये, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ खरी भांडणं संशोधकांनी बसून पाहिली. दहातल्या नऊ भांडणांत बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडला होता. आणि माणसं जास्त असली तर कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता उलट वाढत होती. म्हणजे प्रयोगशाळेच्या बंद खोलीपेक्षा रस्ता बरा. एकमेकांचे चेहरे दिसतात, आणि एखादी कोथिंबीरवाली निघतेच.

माझ्या बायकोचा मात्र या सगळ्या शास्त्रावर विश्वास नाही. तिचं म्हणणं साधं आहे: "रविवारी तुम्ही देवमाणूस असता. सोमवारी तुम्हाला वेळ नसतो." हे तिने प्रिन्स्टनचा प्रयोग न वाचता म्हटलं, म्हणून मला जास्त लागलं. धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या ४० विद्यार्थ्यांवर डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी हा प्रयोग केला, तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण करायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधला चांगला शोमरोनी, वाटेत पडलेल्या जखमी परक्याला उचलणारा. वाटेत खरोखरच एक माणूस कण्हत, खोकत पडलेला ठेवला होता. ज्यांना वेळ होता त्यांच्यातले शंभरात ६३ थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळा" म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यातले १०. काही जण तर त्याला ओलांडून गेले. शोमरोन्यावर बोलायला.

मी त्या मुलांना हसणार नाही. मी स्वतः देवळात आरतीला उशीर होतोय म्हणून जिन्यात सिलिंडर चढवणाऱ्या म्हाताऱ्याला "जरा बाजूला" म्हटलेलं आहे.

उलट बाजूही सांगायला हवी, म्हणजे घाई असूनही थांबणाऱ्यांची. पौड फाट्याजवळ एकदा माझं पेट्रोल संपलं. पेट्रोल संपलेला माणूस लांबून ओळखू येतो, तो स्कूटर आडवी करून पुन्हा उभी करतो, टाकीतलं उरलंसुरलं पुढे यावं म्हणून. मी दुसऱ्यांदा आडवी करत होतो तोच मागून आवाज आला, "काका, बसा. हँडल सरळ धरा, ब्रेकला हात लावू नका." मी बसलो. मागच्याने आपली गाडी पहिल्यात टाकली, उजवा पाय लांब करून माझ्या मागच्या फूटरेस्टवर टेकवला आणि आमची वरात निघाली. (वाहतूक पोलिसांनी हा परिच्छेद वाचू नये.) त्याच्या पाठीवर घरपोच जेवण पोहोचवणाऱ्याची चौकोनी पेटी होती. कुणाची तरी बिर्याणी माझ्यापायी निवत होती. दीड किलोमीटर त्याने मला एका पायावर नेलं. मधे चढ आला तेव्हा म्हणाला, "थोडे पुढे झुका, बरं पडतं." पंपाच्या तोंडाशी पाय काढून घेतला, आणि मी वळून बघेपर्यंत एकच वाक्य टाकून गेला: "काटा बघत जा काका." आपल्याकडे मदत फुकट असते आणि उपदेश मदतीबरोबर.

आता यात त्याला काय मिळालं? हा प्रश्न विद्वानांनी फार वर्षं घोळवलाय. जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाच्या नावावर एक विनोद सांगतात: मी दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी जीव देईन. कारण तेवढ्यांत मिळून आपल्याएवढंच रक्त शिल्लक राहतं. हाल्डेन पुढे भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं, भुवनेश्वरला वारले. पण भावकी हा विषय त्यांचा राहून गेला असावा. आठ चुलतभाऊ आणि मधे एक बांध असला की कोण कुणासाठी जीव देतं आणि कोण कुणाचा घेतं, हे कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात बघायला मिळतं.

बॅट्सन यांनी पुढची कित्येक वर्षं हे सिद्ध करण्यात घातली की दुसऱ्याचं दुःख खरोखर जाणवलं तर माणूस निव्वळ त्याच्यासाठी मदत करतो. निसटायची वाट मोकळी असली तरी करतो. रॉबर्ट चाल्डिनी वगैरे मंडळींनी उत्तर दिलं, छे, दुसऱ्याचं दुःख बघून स्वतःला होणारा त्रास घालवायला करतो. प्रयोगाला प्रयोग, लेखाला लेख. माझ्या अल्पमतीने मी दोन्ही बाजू वाचल्या. दोन्ही पटल्या. माझा स्टँड दोन्ही बाजूंनी वरच झाला असता.

खरा हिशेब आमच्या आईच्या वहीत होता. आहेराची वही. कुणी कुठल्या लग्नात काय दिलं: 'पातेलं, झाकण नाही.' 'अकरा रुपये, पाकीट जुनं.' परतफेडीची वेळ आली की वही निघायची, आणि झाकण नसलेल्या पातेल्याला झाकण नसलेलंच पातेलं जायचं. शेतातसुद्धा सावड ही अशीच मोजून मापून, आज तुझ्या बैलांनी माझं रान, उद्या माझ्या बैलांनी तुझं. पण त्याच गावात इर्जिकही असायची. एखाद्याची नांगरट अडली की गावचे नांगर त्याच्या शेतात उतरायचे, दिवसात रान काळं करून द्यायचे, आणि त्याने संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालायचं. नांगर किती आणि भाकरी किती हे कुणी वहीत लिहीत नसे.

घेणं हे देण्यापेक्षा जड असतं, हे वय वाढलं की कळतं. बसमध्ये एका मुलीने पहिल्यांदा उठून जागा दिली तेव्हा मला राग आला होता. "मी उभा राहतो, पुढच्याच स्टॉपला उतरायचंय," असं खोटं बोलून मी चार स्टॉप उभा राहिलो. तीही उभी, जागा रिकामी, आणि मग एका तिसऱ्याच माणसाने ती पटकावली. घेणाऱ्याला लहान वाटू न देता द्यायचं कसं, याची एकच रीत मी जवळून पाहिली आहे. पालखी पुण्यात मुक्कामाला येते त्या दिवशी रस्त्याकडेला लोक वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात, दाढ्या करतात, तेल लावून पाय चोळतात, आणि काम झाल्यावर देणाराच वाकून घेणाऱ्याच्या पाया पडतो. आभार मानायला घेणाऱ्याला फटच नाही.

सरकारने यातून वेगळा रस्ता काढला. रस्त्यावर अपघात झाला की लोक थांबत नाहीत, कारण पोलिसांचं झेंगट नको, साक्षीला खेटे नकोत. हे शंभर टक्के खरं होतं. म्हणून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आलं: जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यावर खटला नाही, नाव-गाव सांगायची सक्ती नाही. हे फार चांगलं झालं आणि अजूनही फार जणांना ठाऊक नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. पुढे २०२१ मध्ये पाच हजारांचं बक्षीसही जाहीर झालं, ते नंतर पंचवीस हजार केलं. हे मी शेजाऱ्यांना वाचून दाखवलं, तर ते नसलेल्या बटणावर अंगठा ठेवणारे गृहस्थ म्हणाले, "आणि स्टँड सांगितल्याचे किती?"

किती असावेत? मी खरंच विचार केला. आणि लक्षात आलं की या हाकांचे दिवस भरत आले आहेत. दिव्याची चोच मिटलीच. हल्लीच्या बऱ्याच गाड्या स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत. काट्यावर लाल दिवा लागतो, गाडी हटून बसते. सुरक्षित आहे, उत्तम आहे, कितीतरी हातपाय वाचत असतील. माझ्या मुलानेही मला तशीच गाडी घ्यायचा धोशा लावलाय. शोरूममध्ये नेऊन आणलं. विक्रेत्याने स्टँड खाली करून, बटण दाबून दाखवलं, गाडी ढिम्म. "बघा काका, आता तुम्ही विसरलात तरी चालेल. कुणी सांगायला नको."

मी म्हटलं, बघू दिवाळीनंतर.

तोवर माझी सोळा वर्षांची स्कूटर आहे. करड्या रंगाची, मागच्या मडगार्डला पोचा आहे. रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला म्हात्रे पुलावरून नवी पेठेकडे जाते, बत्तिसाच्या आत. स्टँड बहुतेक वेळा वर असतो. खाली दिसला तर हाक मारा. पहिल्या हॉर्नला मी मागे बघणार नाही, तेवढं मनावर घेऊ नका.